रस्त्याच्या कामाला ‘खो’ बसतो म्हणजे काय? मैदानातून बातम्यांत आलेल्या शब्दाची गोष्ट

‘निधीअभावी रस्त्याच्या कामाला खो’, ‘पावसाने सहलीला खो घातला’ अशी वाक्ये आपण रोज वाचतो, ऐकतो. हा ‘खो’ आला कुठून?

हा शब्द खो-खोच्या मैदानातला. पारंपरिक खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे 9 खेळाडू मैदानात असतात. त्यातले 8 जण मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा प्रतिस्पर्ध्यांचा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशाही मध्येच बदलता येत नाही. मग तो बसलेल्या साथीदाराच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणतो. साथीदार उठून धावतो आणि खो देणारा त्याच्या जागेवर बसतो. खो मिळण्याआधी उठले तर फाउल!

एक शब्द, दोन अर्थ

एकाची धाव संपते, दुसऱ्याची सुरू होते. त्यामुळे ‘खो देणे’ म्हणजे आपली जबाबदारी पुढच्याकडे सोपवणे. ‘आता तुला खो’ असे म्हणून मित्राला गाणे म्हणायला लावतात, तो हाच अर्थ.

दुसरी बाजू बसलेल्याची. खो मिळाला की त्याला जागा सोडावीच लागते. जमलेला बेत असाच जागेवरून हलतो, तेव्हा त्याला ‘खो घातला’ असे म्हणतात. इथे अर्थ होतो अडथळा आणणे, मोडता घालणे.

मैदानात वेग, कार्यालयात विलंब

एका दाखल्यासाठी नागरिकाला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवले जाते, त्यालाही आपण ‘खो-खो’च म्हणतो. पण खेळात खो मिळालेल्याला त्याच क्षणी धावावे लागते. कार्यालयात मात्र खो मिळालेला बसूनच पुढच्याला खो देतो आणि धावतो तो नागरिक!

पुणे ते विश्वचषक

या खेळाचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने तयार केले. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पुरुष व महिला संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवून दोन्ही विजेतेपदे पटकावली.

बातम्यांत ‘खो’ म्हणजे काम थांबणे. मैदानात मात्र खो वेळेवर दिला, तरच गडी हाती लागतो.