तांब्याच्या पत्र्यावरचा चेहरा

श्रोतेहो, नव्या भांड्यावर नाव घालून घेताना आपण कारागिराजवळ बसतो. टिकटिक आवाज होतो आणि एकेक अक्षर कोरले जाते. आता समजा, त्या खाचांत शाई भरली, वरची शाई पुसली आणि ओलसर कागद ठेवून जोराने दाबला, तर काय होईल? खाचांतली शाई कागदावर येईल. अक्षरे मात्र उलटी दिसतील. म्हणून ठसाच उलटा कोरावा लागतो. युरोपात कित्येक शतके माणसांच्या तसबिरी तांब्याच्या पत्र्यावरून अशाच छापल्या जात.

तैलचित्र एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात राही. पत्र्यावरून मात्र शेकडो प्रती निघत आणि साधा माणूसही एखादी विकत घेई. मग हिला कला म्हणावे की दुकानदारी?

लंडनच्या विल्यम होगार्थची (१६९७–१७६४) गोष्ट ऐका. चांदीवर नक्षी कोरणाऱ्याकडे त्याने उमेदवारी केली. पुढे तो स्वतःच चित्रे काढी, कोरी आणि विकी. १७३२ साली त्याची एक चित्रमाला गाजली. लगेच इतरांनी तिच्या नकला बाजारात आणल्या. मेहनत याची, नफा त्यांचा! त्याने सोबत्यांसह पार्लमेंटकडे अर्ज केला. १७३५ साली कायदा झाला: ठशावर आपले नाव व तारीख घाला, १४ वर्षे परवानगीवाचून कुणी नक्कल करायची नाही.

१७४६ साली लॉर्ड लोव्हॅट या वृद्ध स्कॉटिश सरदाराला राजद्रोहाच्या आरोपावरून लंडनला नेत होते. वाटेत सेंट ऑल्बन्स गावी होगार्थने त्याला गाठले. बोटांवर काही मोजत बसलेला तो धूर्त म्हातारा त्याने कागदावर उतरवला. मग पत्र्याला मेणाचा लेप देऊन सुईने रेघा ओढल्या आणि तेजाबाने खाचा पाडल्या; हे काम कोरण्यापेक्षा लवकर होते. किंमत एक शिलिंग. छापखाना रात्रंदिवस चालवूनही मागणी पुरी होईना, असे सांगतात. पुढच्याच वर्षी लोव्हॅटचा शिरच्छेद झाला. मरणाच्या दारातल्या माणसाचा चेहरा विकावा, हे मनाला खटकते, नाही का? पण त्या रेघांत एक जिवंत माणूस उतरला आहे, म्हणूनच ते चित्र आज संग्रहालयांत जपलेले आहे.

होगार्थ वारल्यावर कायदा सुधारला. १७६७ पासून दुसऱ्याच्या चित्रावरून ठसा कोरणाऱ्यालाही संरक्षण मिळाले, आणि होगार्थच्या विधवेला, जेनला, त्याच्या ठशांवर आणखी २० वर्षांचा हक्क मिळाला. म्हणजे त्या पत्र्यांवर तिची चूल पेटत राहिली.

मंडळी, विकल्याने कला बाटत नाही. चोरीने मात्र कलावंत उपाशी राहतो. गुरुजी, उद्या वर्गात मुलांनी चित्रे काढली, की प्रत्येकाला खाली आपले नाव घालायला सांगा, बरं का!