उजवीकडून डावीकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या घरी एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात पांढऱ्या सुताची काही रिळे, सायकलच्या आऱ्या घासून केलेल्या पाच सुया आणि एका परदेशी मासिकाची चार पाने आहेत. अब्बा देवळीत शिवणकाम करीत. दोरे-बटणे आणायला नागपूरला गेले की सीताबर्डीच्या रद्दीतून चित्रांची मासिके आणीत. त्यांतलीच ही पाने. एका पानावर जाळीच्या गोल रुमालाचे छायाचित्र, पुढच्या पानांवर बारीक चौकटींचा तक्ता. चौकटींत कुठे शून्य, कुठे उभी रेघ, कुठे तिरपी. भाषा जर्मन, हे मला फार उशिरा कळले. चिन्हांचा अर्थ सांगणारे पान तर रद्दीतच राहून गेले होते. तरीही अम्मीने त्या तक्त्यावरून तो रुमाल विणला.

हे कसे घडले, ते सांगायचे तर आधी जाळी कशी पडते ते पाहू. सुईवर दोरा नुसता एकदा घेतला, की एक टाका वाढतो आणि त्या जागी भोक राहते. दोन टाके एकत्र विणले, की एक टाका कमी होतो. भोक पाडायचे आणि टाका मिटवायचा, एवढ्या दोन गोष्टींवर सगळी नक्षी उभी असते. वाढ आणि घट सारखी ठेवली तर कापड तेवढेच राहते. वाढ जास्त ठेवली तर मधोमध आठ-दहा टाक्यांनी सुरू केलेला रुमाल गोल पसरत जातो. हा शुद्ध जमाखर्च आहे.

हा जमाखर्च शब्दांत लिहायचा तर पाने भरतात. म्हणून चौकटींची युक्ती निघाली. ती काही आजची नाही. फेदेरिको व्हिंचोलो या कारागिराचे जाळीकामाचे पुस्तक पॅरिसमध्ये 1587 साली छापले गेले. त्यातही चौकटी मोजून उतरवायचे नमुने आहेत. विसाव्या शतकात जर्मनीत हर्बर्ट निबलिंग यांनी सुयांवर विणायच्या जाळीचे पाना-फुलांचे नमुने रचले आणि लाइपझिगहून ते तक्त्यांच्या रूपात घरोघर गेले. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीची वही असते, तिची ही दूरची बहीण म्हणा. ठिपके मोजता आले की भाषा आडवी येत नाही.

मात्र या जुन्या तक्त्यांत खोड्या पुष्कळ. एकाने शून्याचा अर्थ एक धरला, तर दुसऱ्याने दुसरा. रिकामी चौकट म्हणजे कधी साधा सुलट टाका, तर कधी ‘इथे टाकाच नाही, फक्त जागा सोडली आहे’. गोल नमुन्यात पुष्कळदा एकच पाकळी छापतात. ती किती वेळा फिरवायची ते आपण ओळखायचे. मधल्या साध्या फेऱ्या तर छापतच नाहीत. जपानने पुढे विणकामाच्या चिन्हांचे राष्ट्रीय प्रमाणच ठरवून टाकले. तिथे चिन्ह टाक्यासारखे दिसते. टाका उजवीकडे झुकणार असेल तर रेघही उजवीकडे झुकते. जुन्या जर्मन पानांत असा भरवसा नाही.

मग अम्मीने काय केले? तिने चिंचोके घेतले. एका फेरीत पाकळीचे नऊ टाके सुईवर आहेत, असे समजा. तक्त्यात पुढच्या फेरीला एक शून्य, तीन उभ्या रेघा, एक अनोळखी खूण, पुन्हा तीन रेघा, पुन्हा शून्य. शून्य म्हणजे भोक, हे छायाचित्रावरून उघड आहे. त्याला जुना टाका खर्च होत नाही. सहा रेघांचे सहा टाके गेले. नवातून सहा गेले, उरले तीन. म्हणजे ती अनोळखी खूण तीन टाके खाते. त्याच्या पुढच्या फेरीलाही नऊच टाके लागतात. दोन भोकांचे दोन, रेघांचे सहा, झाले आठ. तेव्हा त्या खुणेतून एकच टाका बाहेर पडतो. तिनांचा एक! खूण उकलली. हा एक टाका कोणत्या बाजूला झुकवायचा, ते मात्र मोजून कळत नाही. ते विणून बघायचे, छायाचित्राशी ताडायचे, नाही जमले तर उसवायचे. अम्मीने किती वेळा उसवले, त्याचा हिशेब नाही.

तक्ता वाचायची दिशाही लक्षात घेण्यासारखी आहे. डाव्या सुईवरचे टाके आपण तिच्या उजव्या टोकाकडून विणत उजव्या सुईवर घेतो. म्हणून फेरीचा पहिला टाका उजव्या हाताला येतो आणि कापड खालून वर चढते. तक्ताही तसाच वाचायचा, खालून वर आणि उजवीकडून डावीकडे. सपाट पट्टी विणत असाल तर परतीची ओळ डावीकडून उजवीकडे, जसे वखराचे बैल धुऱ्याशी वळून पुढच्या तासाला लागतात.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना ही पाने घेऊन बसले आणि मराठी पुस्तकासारखी डावीकडून वाचू लागले. पाकळ्या उलट दिशेने फिरल्या, कडा करवतीसारख्या दातेरी झाल्या. अम्मी माझ्या हातातले काम बघून म्हणाली, “बेटी, सिपारा किधर से पढते हैं?” तिने लहानपणी मशिदीजवळच्या मकतबात कुराणाचे सिपारे वाचायला शिकले होते. अक्षर ओळखून, स्वर लावून ती अस्खलित वाचे. अर्थ येत नव्हता आणि लिहायला कुणी शिकवले नव्हते. पण ओळ उजवीकडून सुरू होते, खूण सोडून पुढे जायचे नाही, हे तिच्या डोळ्यांत मुरलेले होते.

1991 च्या जनगणनेला ओळखीचेच एक गुरुजी आमच्या घरी आले. चांगला माणूस. नियम असा, की सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर. नुसते वाचता येऊन भागत नाही. त्यांनी अम्मीबद्दल विचारले, मी सांगितले, “निरक्षर.” काय काम करतात? मी म्हणाले, “घरकाम.” अम्मी तेव्हा ओसरीवर बसून शेजारच्या मुलीच्या रुखवताचा रुमाल विणत होती. त्याचे पैसे ठरलेले होते. घरातली पहिली पदवीधर मी. दोन्ही उत्तरे माझीच.

पुढे मारिया मीस या अभ्यासिकेच्या पुस्तकाविषयी वाचले. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर तिने 1982 साली ते लिहिले. त्या बायकांची लेस परदेशी बाजारात जात होती, व्यापारी त्यावर मोठे होत होते. आणि बायकांना सगळे म्हणत, या गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. वाचताना मला आमची ओसरी आठवली.

आपला वर्धा जिल्हा तर सुताचा. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, सभासदाने महिन्याला दोन हजार वार सूत द्यावे असे ठरले होते. तेव्हा सूत मोजून माणूस देशाच्या कामात धरला जात होता. त्याच सुताची जाळी झाली, की तिला आपण कामातून वगळतो.

अम्मी आता नाही. तो रुमाल आहे. त्यातली एक पाकळी बाकीच्यांहून किंचित वेगळी आहे; खूण कुठे झुकवायची ते तिथे ठरत होते. ती पाकळी तिने उसवली नाही.

तुमच्याकडेही पेटीच्या तळाशी अशी पाने असतील. फेकू नका. चौकटीच्या वहीत तक्ता मोठा करून उतरवा, उजवीकडून सुरू करा, प्रत्येक फेरीला टाके मोजा. घरातल्या कुणी तो नमुना विणला असेल, तर पानाच्या पाठीमागे तिचे नाव लिहून ठेवा. मी अम्मीचे लिहिले आहे. आणि पुन्हा कधी मोजणीदार दारात आले, घरातली बाई काय करते असे विचारले, तर उत्तर देण्याआधी मी एकदा ओसरीकडे बघेन.