चिलीम, चोंगी व विडी : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेश

चिलीम, चोंगी व विडी : पूर्व विदर्भातील वनप्रदेशात रोजच्या वापरात असलेली, किंवा अलीकडेपर्यंत असलेली, तंबाखू ओढण्याची साधी व स्वस्त साधने. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तथापि भाषा, जमाती, पिके व वनोपज या दृष्टींनी दोन्ही जिल्ह्यांचा पूर्वभाग एकच प्रदेश मानता येतो. येथील धूम्रपानाचे आकर्षण केवळ तंबाखूच्या स्वादात शोधल्यास ते नीट उमगत नाही. आठवडी बाजारातील हलक्या प्रतीचा पाला, कुंभाराने केलेली मातीची नळी, झाडावरचे पान आणि चुलीतील निखारा एवढ्यावर भागणारी ही चैन होती. रोख पैसा क्वचितच हाती येणाऱ्या शेतमजुराला वा आदिवासीला ती परवडत असे, हे तिच्या प्रसाराचे पहिले कारण होय.

तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिकेतील असून पोर्तुगीजांमार्फत ती सोळाव्या शतकात भारतात आली. दख्खनमध्ये तिचा प्रसार लवकर झाला. असद बेग याने विजापूरहून नेलेला तंबाखू व हुक्का १६०४-०५ च्या सुमारास अकबराच्या दरबारात सादर केला. जहांगीराने १६१७ मध्ये धूम्रपानास मनाई केली; पण ती फारशी पाळली गेली नाही. दरबारी हुक्क्याचे गोरगरिबांतील रूप म्हणजे चिलीम. मुळात हुक्क्याच्या वरच्या अंगास बसविलेल्या निखाऱ्याच्या भांड्याचे हे नाव. पाण्याचे भांडे व लांब नळी गाळून टाकली, की उरते ती हाती धरावयाची चिलीम.

कुंभार चाकावर काढून आव्यात भाजतो ती चिलीम वर रुंद व खाली निमुळती असते. तळाच्या छिद्रावर लहानसा खडा ठेवून त्यावर चुरलेला तंबाखू भरतात व वरून निखारा ठेवतात. खड्यामुळे धूर येतो, पण तंबाखूचा चुरा तोंडात येत नाही. निमुळत्या टोकाभोवती ओल्या फडक्याची घडी गुंडाळतात. तिला छापी म्हणतात. तिच्यामुळे हात भाजत नाही आणि धूर किंचित थंड होतो. चिलीम दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून मुठीच्या फटीतून झुरका घेतला जातो, त्यामुळे ओठ मातीला लागत नाहीत. उष्टे मानणाऱ्या समाजात एकच चिलीम अनेकांच्या हाती फिरू शकली, ती या युक्तीमुळेच. अर्थात हे फिरणेही सर्वांसाठी खुले नव्हते. कोणाबरोबर चिलीम ओढावयाची व कोणाबरोबर नाही, हे जातीनुसार ठरलेले असे. हुक्का-पाणी बंद करणे या हिंदी वाक्प्रचाराचा अर्थच मुळी जातीबाहेर टाकणे असा आहे.

चिलीम एकट्याने घाईघाईत ओढण्याची वस्तू नव्हे. निखारा आणणे, तंबाखू चुरणे, छापी भिजविणे यांत वेळ जातो आणि तेवढा वेळ काम थांबते. धानाची रोवणी वा कापणी, रानडुकरांपासून पिकाची राखण करण्यासाठी माळ्यावरची जागल, बैलगाड्यांचा मुक्काम अशा प्रसंगी हा विसावा मजुरांना हक्काचा वाटे. मालकालाही तो सहसा नाकारता येत नसे. स्वस्त तंबाखूची गोडी सांगताना या थांबण्याची किंमत धरली पाहिजे.

चिलीमही जवळ नसेल तेव्हा पान कामी येते. पळस, तेंदू यांसारख्या झाडाचे पान नरसाळ्यासारखे गुंडाळून त्यात तंबाखू भरून ओढतात. छत्तीसगडला लागून असलेल्या भागात यास चोंगी म्हणतात. ओढून झाल्यावर ती टाकून द्यावयाची असते. म्हणजे साधन म्हणून तिला काहीच मोल पडत नाही. दक्षिणेस सिरोंचा तालुक्यात तेलुगू भाषेचा प्रभाव असून तेथे तंबाखूच्याच पानाची वळलेली जाड गुंडाळी म्हणजे चुट्टा परिचित आहे. गोदावरीच्या मुखाकडील लंका नावाच्या नदीबेटांत पिकणारा तंबाखू चुट्ट्यासाठी प्रसिद्ध आहे.

या साऱ्या प्रकारांत वापरला जाणारा तंबाखू उन्हात व हवेवर वाळविलेला, काळपट व कडक असतो. सिगारेटीसाठी पिवळा तंबाखू भट्टीच्या उष्णतेवर वाळवितात; त्यात साखरेचा अंश टिकून राहतो, धूर आम्लधर्मी होतो आणि निकोटीन मिळविण्यासाठी तो फुप्फुसात खोल ओढावा लागतो. हवेवर वाळविलेल्या पाल्यात साखर फारशी उरत नाही. त्याचा धूर अल्कधर्मी असतो व त्यातील निकोटीन तोंडाच्या अंतःत्वचेतूनही शोषले जाते. हलका समजला जाणारा देशी पाला एका झुरक्यात ‘लागतो’, असे ओढणारे सांगतात, त्यामागे हे रसायन आहे. सवय जडण्याचे कारणही तेच.

मध्य भारतातील आदिवासींच्या ज्या कथा व्हेरिअर एल्विन याने संकलित केल्या, त्यांत तंबाखूच्या उत्पत्तीच्या कथाही आढळतात. जिच्याशी कोणीही विवाह करू इच्छीत नव्हते अशी मुलगी मरणोत्तर तंबाखूचे रोप झाली व सर्वांना हवीहवीशी वाटू लागली, असा त्यांतील एक कथाबंध आहे. परक्या देशातून येऊन चार शतकेही न झालेल्या वनस्पतीला येथे मूळपुरुषांच्या काळातील मानले गेले, ही गोष्ट लक्षणीय होय. माडिया व मुरिया गोंडांमध्ये तंबाखू ठेवण्यासाठी कोरीव लाकडी डब्या करण्याची कला होती. त्यांचे नमुने एल्विनच्या आदिवासी कलेवरील ग्रंथात (१९५१) दिलेले आहेत.

विडी हे चोंगीचेच बाजारी रूप म्हणता येईल. विडा व विडी ही दोन्ही नावे संस्कृत ‘वीटिका’ या शब्दावरून आलेली आहेत. तेंदू किंवा टेंबुर्णीचे (लॅ. डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, कुल–एबेनेसी) पान चिवट व लवचिक असून वळताना फाटत नाही, म्हणून विडीसाठी ते श्रेष्ठ ठरले. विडीत तंबाखू सिगारेटीच्या मानाने पुष्कळ कमी असतो. न ओढता ठेवली तर ती विझते. मग कानावर खोचून ठेवावयाची व पुन्हा पेटवावयाची. एका विडीची दोन वेळा सोय होते ही काटकसर गरीब गिऱ्हाइकास मोलाची वाटते. मात्र विझू नये म्हणून झुरके जोराने व वारंवार घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही विडीच्या धुरातून मिळणारे निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीहून कमी नसते, उलट अधिकच भरते. झाडाच्या पानाची म्हणून विडी निरुपद्रवी, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

या प्रदेशाचा विडीशी संबंध ओढण्यापुरता नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे छाटतात. सुमारे दीड महिन्याने त्यांना कोवळी, सारख्या आकाराची पाने फुटतात. मे महिन्यात पहाटेच कुटुंबे जंगलात शिरतात. दुपारी घरी पाने जुळवून सत्तर पानांचा एक पुडा बांधला जातो व संध्याकाळी तो संकलन केंद्रावर, म्हणजे फळीवर, मोजून दिला जातो. तेथे पुडे मोकळ्या जागेत उन्हात मांडून वाळवितात. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. वाळलेली पाने गोंदिया-भंडारा, सोलापूर, तेलंगण इत्यादी विडी केंद्रांकडे जातात. तंबाखू गुजरातेतील चरोतर व सीमाभागातील निपाणीकडचा असतो. एटापल्लीच्या बाजारात घेतलेल्या विडीचे पान त्याच तालुक्यातून निघून, शेकडो किलोमीटर फिरून परत आलेले असू शकते. खरिपाच्या तोंडावर बियाणे व घरखर्चासाठी हाती येणारी रोख रक्कम अनेक घरांत या पंधरा-वीस दिवसांचीच असते. ती धोक्याविना मिळत नाही. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात वाकून पाने तोडणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात; मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात अशा तीन स्त्रिया एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या.

तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या राज्य अधिनियमाने शासनाच्या नियंत्रणाखाली आला व घटकवार लिलावाची पद्धत रूढ झाली. १९९६ चा अनुसूचित क्षेत्रांसंबंधीचा पंचायत कायदा (पेसा) व २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे गौण वनोपजावरील मालकी ग्रामसभांकडे आली. २०१३ च्या सुमारास गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी पानांची विक्री स्वतः करण्यास आरंभ केला आणि पुढे त्यांची संख्या वाढत गेली.

ओढण्याची सवय मात्र याच काळात ओसरली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६·६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. पैकी धूम्रपान करणारे केवळ ३·८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४·४ टक्के होते. पूर्व विदर्भात चिलमीची जागा खर्ऱ्याने घेतली. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून खर्रा तयार करतात. त्यास निखारा लागत नाही, काम थांबवावे लागत नाही आणि स्त्रिया व शाळकरी मुलेही तो उघडपणे खातात. चुना येथे अल्काचे काम करतो व निकोटीन तोंडातच सुटे होते. म्हणजे जुन्या कडक पाल्याचा गुण नव्या वस्तूतही कायम राहिला. गेली ती चिलमीभोवतीची बैठक आणि स्वस्ताई. पाला व पान यांवर भागणारी सवय आता दररोज पानठेल्यावर रोख पैसे मागते. मुखाच्या कर्करोगाचा धोका तंबाखू व सुपारी एकत्र आल्याने वाढतो. २००९ पासून विडीच्या पुड्यावर चित्ररूप इशारा छापणे बंधनकारक आहे. हाताने घोटलेल्या खर्ऱ्यावर तो असण्याचा प्रश्नच येत नाही. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने व शासनाच्या सहभागाने २०१६ पासून दारू व तंबाखू नियंत्रणासाठी ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी उपक्रम सुरू झाला.

चिलीम आता वृद्धांकडेच तुरळक दिसते. गांजाचे साधन म्हणून तिला आलेल्या बदलौकिकामुळे तरुण तिला हात लावीत नाहीत. तेंदूच्या पानाविषयीही सर्वत्र एकमत राहिलेले नाही. झुडपांची छाटणी होते, चांगला पाला फुटावा म्हणून जंगलास आगी लावल्या जातात आणि माणसे व पक्षी आवडीने खातात ते टेंबरू फळ धरत नाही, या कारणांनी गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेने वनहक्क मिळाल्यानंतर तेंदूपाने न तोडण्याचा निर्णय घेतला व उपजीविकेसाठी बांबूवर भर दिला.