यशद भस्म आणि झिंकची गोळी : मात्रेची बेरीज

सांप्रत औषधाच्या दुकानात झिंकची गोळी नित्योपयोगी वस्तूप्रमाणे मागितली जाते व दिली जाते. २०२० व २०२१ या महासाथीच्या वर्षांत प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध म्हणून ती घरोघरी पोहोचली. साथ ओसरली, परंतु अनेक कुटुंबांत ती सवय मात्र टिकून राहिली. आपणां वैद्यांच्या दृष्टीने या सवयीची एक बाजू विशेष विचारणीय आहे. आपल्या औषधसंग्रहातील यशद भस्म हा त्याच धातूचा कल्प होय. एकाच रुग्णाच्या पोटात दुकानातील गोळी व आपले भस्म अशी दोन्ही जात असताना त्यांची बेरीज बहुधा कोणीच करीत नाही. ती बेरीज का व कशी करावी, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

यशदाची परंपरा

खर्परापासून सत्त्वपातन करून हा धातू मिळविण्याची रीत रसरत्नसमुच्चयात वर्णिली आहे. राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे मातीच्या मुषांतून जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत असे, याचे पुरावे तेथील भट्ट्यांच्या अवशेषांतून मिळाले आहेत. भावप्रकाशात यशद हे कषाय, तिक्त, शीत, कफपित्तहर व चक्षुष्य सांगितले असून प्रमेह, पांडू व श्वास या व्याधींत त्याचा उपयोग निर्दिष्ट आहे. त्रिवंग भस्मात नाग व वंग यांच्यासह यशद असते. मालिनी वसंतासारख्या कल्पांत खर्पराच्या जागी आज बहुधा यशद भस्मच योजिले जाते. म्हणजे रुग्णाच्या चिठ्ठीवर 'यशद' हा शब्द नसला, तरीही झिंक दिले गेलेले असू शकते.

शरीरातील कार्य व दैनिक गरज

झिंकच्या अभावाने मनुष्यात रोग उद्भवतो, ही गोष्ट आधुनिक शास्त्रास तुलनेने अलीकडे कळली. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी इराण व इजिप्त येथील खुरटलेल्या, यौवनलक्षणे न उमटलेल्या तरुणांचा अभ्यास केला व त्यामागे झिंकची न्यूनता असल्याचे दाखविले. त्या तरुणांचा आहार मुख्यत्वे धान्याच्या रोटीचा होता. धान्याच्या कोंड्यातील फायटेट हे द्रव्य झिंकला बांधून ठेवते व आतड्यातून त्याचे शोषण होऊ देत नाही. वाढ, व्रणरोपण, रुचिज्ञान व व्याधिक्षमत्व या सर्वांस झिंक आवश्यक आहे.

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दररोज १७ मिलिग्रॅम व प्रौढ स्त्रीसाठी १३.२ मिलिग्रॅम झिंकची शिफारस केली. प्रौढांसाठी सर्व मार्गांनी मिळून दररोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम मानली जाते. गरज व मर्यादा यांतील हे अंतर फार मोठे नाही, हे ध्यानात ठेवावे.

निरोगी व मिश्र आहार घेणाऱ्या व्यक्तीस गोळीची आवश्यकता सहसा नसते. डाळी, हरभरा, तीळ, शेंगदाणे, काजू, भोपळ्याच्या बिया, दूध, अंडी, मांस व मासे यांतून झिंक मिळते. कोकणात खाल्ली जाणारी कालवे तर त्याचा अत्यंत समृद्ध स्रोत आहेत. कडधान्यांस मोड आणणे व पीठ आंबविणे या आपल्या स्वयंपाकघरातील जुन्या रीतींनी फायटेट कमी होते व झिंकचे शोषण सुधारते. दीर्घकालीन अतिसार व ग्रहणी, आतड्यावरील शस्त्रक्रिया, मद्यासक्ती, गर्भावस्था, वार्धक्यातील अल्पाहार अशा अवस्थांत न्यूनतेचा संशय घेणे योग्य होय.

गोळीवरील आकडा कसा वाचावा

वेष्टनावर लिहिलेले वजन पुष्कळदा संयुगाचे असते, प्रत्यक्ष झिंकचे नव्हे. नेहमीच्या झिंक सल्फेटमध्ये सुमारे २३ टक्के, झिंक ग्लुकोनेटमध्ये सुमारे १४ टक्के, तर झिंक ऑक्साइडमध्ये सुमारे ८० टक्के झिंक असते. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटची गोळी म्हणजे ५० मिलिग्रॅम झिंक. ती एकटीच दैनिक मर्यादा ओलांडते. बहुजीवनसत्त्वांच्या गोळीत, चघळण्याच्या वड्यांत व प्रथिनांच्या भुकटीतही झिंक मिसळलेले असते, हे रुग्णाच्या लक्षात येत नाही.

आता हाच हिशेब यशद भस्मास लावून पाहू. रासायनिक दृष्टीने हे भस्म मुख्यत्वे झिंक ऑक्साइड होय. एक गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम धरले, तर त्यात १०० मिलिग्रॅमपर्यंत झिंक असू शकते. अर्ध्या गुंजेत सुमारे ५० मिलिग्रॅम. भस्मातील झिंकचे शोषण गोळीतील झिंकइतकेच होते असे नाही, व भस्माच्या घटकांत निर्मितीनुसार फरकही पडतो. तथापि सुरक्षिततेचा विचार करताना पूर्ण आकडा धरणेच इष्ट. समजा, पंचावन्न वर्षांची एक भगिनी २०२० पासून रोज ५० मिलिग्रॅम झिंकची गोळी घेत आहे. ती प्रमेहासाठी आपल्याकडे येते व आपण अर्धी गुंज यशद भस्म दिवसातून दोन वेळा देतो. आहार वगळूनही तिची दैनिक बेरीज १५० मिलिग्रॅमच्या घरात जाते.

अतियोगाची लक्षणे

रिकाम्या पोटी अधिक झिंक घेतल्यास हृल्लास, छर्दी, उदरशूल व तोंडास धातूची चव ही लक्षणे लगेच दिसतात. रुग्ण ती सांगतो व मात्रा कमी होते. खरा धोका याहून मूक आहे. झिंक दीर्घकाळ अधिक प्रमाणात पोटात गेल्यास आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढते. ते तांब्यास घट्ट धरून ठेवते आणि पेशी गळून पडताना ते तांबे मलावाटे निघून जाते. महिनोन्महिने असे चालल्यास शरीरातील तांबे घटते. परिणामी रक्ताल्पता होते व श्वेतपेशी कमी होतात. पुढे पायांस मुंग्या येणे, संवेदना मंदावणे व चालताना तोल जाणे ही मज्जारज्जूच्या विकृतीची लक्षणे उद्भवतात. कारण दूर केल्यावर रक्त सुधारते, परंतु मज्जाविकृती पूर्ण भरून येतेच असे नाही.

येथे चिकित्सकाची फसगत होण्याचा संभव आहे. पांडूत यशद हितकर सांगितले आहे. परंतु समोरचा पांडू झिंकच्या अतियोगातूनच उत्पन्न झाला असेल, तर यशद वाढविणे म्हणजे व्याधीस खतपाणी घालणे होय. लोहकल्पांस दाद न देणारा पांडू व त्यासोबत पायांची बधिरता दिसल्यास झिंक तत्काळ थांबवावे आणि रक्तगणना, तसेच रक्तातील तांबे, सेरुलोप्लाझ्मिन व झिंक यांची तपासणी करून घ्यावी.

लाभाच्या अपेक्षेलाही मर्यादा हवी. कोविडच्या बाह्यरुग्णांवर अमेरिकेत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५० मिलिग्रॅम झिंकने लक्षणांचा काळ लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले नाही. याउलट बालकांच्या अतिसारात झिंकचा उपयोग सिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये त्याची शिफारस केली. मात्र तो उपयोगही १० ते १४ दिवसांचाच आहे. भारत व टांझानिया येथे झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर २० मिलिग्रॅमऐवजी ५ वा १० मिलिग्रॅम मात्राही तितकीच उपयुक्त ठरली आणि छर्दी कमी झाली. अल्प मात्रा व नियत काळ हाच त्यातील बोध.

सेवनकाल व संयोग

झिंक अन्नासह अथवा अन्नानंतर घेतल्यास पोटास त्रास कमी होतो. लोहाची गोळी व झिंक एकाच वेळी घेऊ नये. अधिक मात्रेतील लोह झिंकच्या शोषणात अडथळा आणते. टेट्रासायक्लिन व क्विनोलोन वर्गातील प्रतिजैविकांशी झिंक बांधले जाते व दोहोंचे शोषण घटते. म्हणून ती प्रतिजैविके झिंकच्या किमान २ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर घ्यावीत. भस्मालाही हाच नियम लावावा. नाकात टाकावयाच्या झिंकच्या औषधांनी गंधज्ञान नष्ट झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता. तो मार्ग सर्वथा वर्ज्य समजावा. जस्ताच्या खनिजात शिसे व कॅडमियम नैसर्गिकरीत्या सोबत असतात, म्हणून भस्म घेताना शोधन, मारण व भस्मपरीक्षा यांच्या जोडीने जड धातूंच्या तपासणीचा दाखलाही निर्मात्याकडून मागावा.

चार प्रश्न

यशदयुक्त कल्प देण्यापूर्वी प्रत्येक रुग्णास चार प्रश्न विचारावेत. झिंक किंवा बहुजीवनसत्त्वाची गोळी चालू आहे काय? असल्यास किती मिलिग्रॅमची व किती दिवसांपासून? लोह अथवा प्रतिजैविक चालू आहे काय? पायांत मुंग्या वा बधिरता जाणवते काय? रुग्णास गोळ्यांची वेष्टने सोबत आणावयास सांगितल्यास उत्तरे अचूक मिळतात. गोळी चालू असेल, तर ती बंद करूनच यशद द्यावे अथवा यशद देऊ नये. दिल्यास चिठ्ठीवर कालावधी लिहावा व त्या दिवशी रुग्णास पुन्हा बोलवावे.

मात्रा व काल यांचा विवेक हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. रुग्ण दुकानातून काय घेतो, यावर आपले नियंत्रण नसते; परंतु आपण देत असलेली पुडी त्या बेरजेत कितीची भर घालते, हे जाणून घेणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.