आजोबांच्या कॅमेऱ्यावरचा ओरखडा

आमच्या बिडकीनच्या शाळेत एका मुलीने आजोबांचा ‘आगफा क्लिक थ्री’ आणला. बडोद्यात बनलेला, १२० नंबरच्या रोलवर १२ फोटो काढणारा. पण भिंगावर हा ओरखडा! पोरं हळहळली, “गुरुजी, आता प्रत्येक फोटोत रेघ येणार!”

नाही येत! चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा तो घालणाऱ्याला कुठं रेघेसारखा दिसतो? इतक्या जवळच्या वस्तूचं ठळक चित्र उमटतच नाही. मात्र सूर्य समोर असला, की ओरखड्यावर उजेड फाकतो आणि फोटो पांढुरका पडतो. म्हणून ऊन पाठीशी घ्या. नाहीच जमलं, तर भिंगावर तळहाताची सावली धरा. काही जुने फोटोग्राफर ओरखड्यात काळी शाई भरत. उजेड फाकायचा थांबे. टूथपेस्टने घासायला मात्र जाऊ नका, एकाचे शंभर ओरखडे होतील.

आम्ही रोल मागवलाय.