‘ब्रेक लागलाच नाही, बाबा’

जुलैतला रविवार. निपाणीला मेहुण्यांकडे जेवून आम्ही काकतीला परतत होतो. गाडी लेक चालवत होती. तिच्या लायसन्सला वर्षही झालं नव्हतं, म्हणून मी शेजारी बसून नको तेवढ्या सूचना देत होतो. हत्तरगीचा टोल सोडला आणि पावसाने जोर धरला. पुढच्या ट्रकच्या चाकांचं पाणी थेट काचेवर येत होतं. पोरीने वेग साठच्या वर जाऊ दिला नाही, वंटमुरीचा घाटही गिअर कमी करूनच काढला. मी मनात म्हटलं, शिकली.

महामार्ग सोडून काकतीच्या सर्व्हिस रोडला आलो, तर समोर एकाच छत्रीतून दोन पोरं रस्ता ओलांडत होती. तिने ब्रेक दाबला. गाडी तशीच पुढे. मग एकदम ब्रेकने पकड घेतली आणि गाडी थांबली, तेव्हा बॉनेट आणि ती छत्री यांत हातभर अंतर होतं.

‘ब्रेक लागलाच नाही, बाबा.’

‘लागला नाही म्हणजे? तू उशिरा दाबलास.’

घरी येऊन तिने किल्ली टेबलावर ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी तपासायला दिली. कोरड्या रस्त्यावर एक फेरी मारून ‘ब्रेक ओके’ म्हणून ती परत आली. माझंच खरं, असं मी घरात दोनदा सांगूनही टाकलं. पुढच्या आठवड्यात संकेश्वरहून एकटाच येत होतो. पाऊस तसाच, रस्ता मोकळा. काकतीजवळ ब्रेकवर पाय ठेवला आणि क्षणभर काहीच झालं नाही. त्या क्षणात मला पोरीचा चेहरा दिसला.

गावातल्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी जॅक काढण्याआधी प्रश्नच विचारले.

‘पेडल खाली जातंय काय?’ नाही. ‘दगडागत घट्ट लागतंय?’ नाही. ‘पायाखाली थरथर, कटकट?’ नाही. ‘गाडी एका अंगाला ओढत्या?’ तेही नाही.

‘म्हणजे पयल्यांदा दाबल्यावर काय न्हाई, आणि दुसऱ्यांदा झकास. मग पाणी हाय, मालक.’

त्या प्रत्येक प्रश्नामागे वेगळा आजार असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पेडल मऊ लागून खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल गळतंय किंवा पाइपात हवा आहे. पेडल दगडासारखं घट्ट असेल, तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर बिघडलेला असू शकतो. तो घरीच बघता येतो : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, घट्ट झालं की पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर चालतोय. (डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे हाच बूस्टर घालवून बसतात!) पायाखाली थरथर म्हणजे एबीएस काम करतंय. एप्रिल २०१९ पासूनच्या सगळ्या नव्या कारना ते आहे. अशा वेळी ब्रेक लागलेला असतो, पण टायरला रस्ता सापडत नसतो. तेव्हा टायर बघायचे. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद. ओल्या रस्त्यावर त्याच्या बऱ्याच आधी ते दगा देऊ लागतात.

आमचं दुखणं वेगळं होतं. पावसात बराच वेळ ब्रेक न दाबता गाडी चालली की डिस्कवर पाण्याचा पातळ थर राहतो. पहिल्या दाबाला पॅड तो थर पुसतात, मग पकडतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १६-१७ मीटर जाते. अर्धा सेकंद गेला तर आठ मीटर गेले. म्हणजे पोरीने ब्रेक न वापरता नीट, सावकाश गाडी चालवली, म्हणूनच डिस्क ओल्या राहिल्या होत्या.

‘पण एवढा उशीर लागायला नको,’ मेस्त्री म्हणाले. गाडी थंड होती. त्यांनी पाइप लावून पुढच्या डिस्क भिजवल्या आणि होनग्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात गाडी नेली. पहिला दाब फुकट. दुसरा बरा. परत आल्यावर चाकं काढली, तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, चकाकत होता. ते पॅड गेल्या दिवाळीत मीच स्वस्त मिळाले म्हणून घालून घेतले होते.

नवे, कंपनीचे पॅड बसवले. ब्रेक ऑइलही बदललं. आपण ऑइल म्हणतो, पण ते हवेतलं पाणी शोषणारं द्रव आहे. डॉट ४ प्रतीचं नवं द्रव २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. आंबोली किंवा चोर्ल्याच्या उतारावर ब्रेक दाबत गेलं की मग पेडल पायाखालून निसटतं, आणि लोक पावसाला दोष देतात. बहुतेक गाड्यांत ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमचं चार वर्षांचं होतं.

मागच्या चाकांचे ड्रम बंद असतात, त्यांत पाणी सहज शिरत नाही. पण साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि ते शिरलं की लवकर निघतही नाही. बाहेर आल्यावर मागे कुणी नाही हे बघून, हळू वेगात पेडल हलकं दाबून दोन-तीनदा ब्रेक सुकवून घ्यावेत. गाडी धुऊन आणल्यावरही.

त्या संध्याकाळी मी लेकीला म्हटलं, ‘तू वेळेवर दाबला होतास. पॅड माझे खराब होते.’ ती काही बोलली नाही. शनिवारी मात्र किल्ली टेबलावर नव्हती.

आता भर पावसात ती मधूनच आरशात बघते आणि ब्रेकवर हलकेच पाय टेकवते. शेजारी बसलेल्या माझा उजवा पायही तेव्हा आपोआप दाबला जातो. त्याच्याखाली पेडल नाही, हे ती मला दर वेळी सांगते.