एक नाव वाढते कसे?

जून महिन्यात कॉलेज सुरू झाले की पहिल्या तासाला मी हजेरी घेतो. ओळखीची नावे भराभर पुढे सरकतात आणि मध्येच एखाद्या नावाशी मी अडखळतो. ते नाव मी कधी ऐकलेलेच नसते. कसेबसे उच्चारतो, वर्ग हसतो, आणि ज्याचे ते नाव असते तो बिचारा कानापर्यंत लाल होऊन "हजर, सर" म्हणतो. चार-पाच वर्षे जातात आणि एका जूनमध्ये त्याच नावाची तीन मुले एकाच वर्गात निघतात! आता कोणी हसत नाही. उलट "तिघांपैकी कोणता रे?" असे विचारावे लागते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही वर्गात असे झाले असेल. एखादे विरळ नाव अचानक पसरते ते कसे? प्रश्न गमतीचा आहे, पण त्याचे उत्तर गप्पांतून मिळत नाही. त्यासाठी मोजावे लागते.

मोजणी कोणी केली?

नावांची अशी मोजणी वर्षवार हवी आणि सर्वांना पाहण्यासाठी खुली हवी. अमेरिकेत ती उपलब्ध आहे, म्हणून आपण थोडा वेळ तिकडे जाऊ. तेथे बहुतेक प्रत्येक बाळासाठी 'सामाजिक सुरक्षा प्रशासन' या सरकारी खात्याकडून एक क्रमांक घेतात. १९९७ साली त्या खात्यातील मायकेल शॅकलफर्ड या विमागणिताच्या जाणकाराने या अर्जांवरील नावे मोजून त्यांची क्रमवार यादी केली. त्याचे कारणही मजेदार होते. १९५४ ते १९९८ या काळात, १९६० हे एक वर्ष सोडले, तर मुलांच्या नावांत 'मायकेल' हेच पहिल्या क्रमांकावर होते. जिकडेतिकडे मायकेल! आपल्या होणाऱ्या बाळाला तरी फार प्रचारातले नाव नको, असे या मायकेलला वाटत होते.

आज ही यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. तिचा एक नियम लक्षात ठेवा. वर्षभरात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेले नाव यादीत छापत नाहीत, कारण त्यावरून एखादे कुटुंब ओळखू येऊ शकते. प्रयोगशाळेतल्या तुमच्या मोजपट्टीला जसे लघुतम माप असते, तसे हे या यादीचे लघुतम माप. त्याखालचे नाव असूनही दिसत नाही.

उलट्या अक्षरांचे नाव

आता या यादीतले एकच नाव घेऊ. मुलीचे नाव आहे 'नव्हेया'. मराठी कानाला ते 'नव्हे' म्हणून नकार दिल्यासारखे वाटते. पण त्याचा उगम वेगळाच आहे. इंग्रजीत स्वर्गाला 'हेवन' म्हणतात. त्याची अक्षरे एच, ई, ए, व्ही, ई, एन. ती शेवटापासून वाचा: एन, ई, व्ही, ए, ई, एच. हेच ते नाव! आपल्या 'स्वर्ग' शब्दावर हा प्रयोग करून पाहा, म्हणजे आपल्याकडे ही युक्ती का चालली नसती ते कळेल.

यादीप्रमाणे १९९९ साली संपूर्ण अमेरिकेत जन्मलेल्या मुलींपैकी अवघ्या ८ मुलींचे हे नाव होते. २००० साली 'पी. ओ. डी.' या वाद्यवृंदाचा गायक सॉनी सँडोव्हल दूरदर्शनवरील एका कार्यक्रमात आपल्या लहान मुलीसह दिसला. त्याने तिचे नाव सांगितले आणि ते कसे तयार झाले तेही सांगितले. त्या वर्षी या नावाच्या ८६ मुली नोंदल्या गेल्या आणि २००१ साली १,१९१!

आता वही-पेन्सिल घ्या. ८६ ला ८ ने भागा. सुमारे ११ येतील. १,१९१ ला ८६ ने भागा. सुमारे १४ येतील. म्हणजे एका वर्षात संख्या चौदापट झाली. समजा, दरवर्षी अशीच चौदापट वाढ झाली असती. मग २००२ मध्ये १६,६७४. २००३ मध्ये २,३३,४३६. आणि २००४ मध्ये ३२ लाखांवर! पण अमेरिकेत तेव्हा वर्षाला सुमारे २० लाखच मुली जन्माला येत. म्हणजे चौथ्या वर्षाच्या आतच नाव ठेवायला मुली उरल्या नसत्या.

अणुकेंद्राशी साम्य

ही वाढ पाहून भौतिकीच्या माणसाला शृंखला प्रक्रिया आठवल्याशिवाय राहत नाही. युरेनियम-२३५ चे एक अणुकेंद्र फुटले की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतला एखादा दुसऱ्या केंद्रावर आदळला की तेही फुटते. एका फुटण्यामागे पुढच्या पिढीत सरासरी किती केंद्रे फुटतात, या आकड्याला गुणक म्हणू. गुणक १ पेक्षा जास्त असेल तर प्रक्रिया भडकते, बरोबर १ असेल तर संथपणे चालू राहते, आणि १ पेक्षा कमी असेल तर विझते.

नावाचेही तसेच आहे. एका घरी बारसे झाले की ते नाव शेजारी, नातेवाईक, दवाखान्यात भेटलेली माणसे अशा अनेकांच्या कानांवर पडते. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी पाळणा हलणार असेल, तर ते नाव उचलले जाण्याची शक्यता निर्माण होते. बहुतेक नवी नावे एक-दोन घरांतच थांबतात, कारण त्यांचा गुणक १ च्या खाली असतो. दूरदर्शनने एवढेच केले की एकाच नावाचे लाखो 'न्यूट्रॉन' एका संध्याकाळी घरोघर पाठवले.

पण हे साम्य फार ताणू नका. न्यूट्रॉनला मन नसते, आईवडिलांना असते. २००५ साली या नावाच्या सुमारे साडेचार हजार मुली जन्मल्या. १,१९१ वरून साडेचार हजार म्हणजे चार वर्षांत सुमारे ३.८ पट. एका वर्षाचा गुणक काढायचा तर याचे वर्गमूळ घ्या आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ घ्या. उत्तर सुमारे १.४ येते. कुठे १४ आणि कुठे १.४!

असे का झाले? पालकांनी हे नाव निवडले, त्यामागे ते गोड आहे, अर्थपूर्ण आहे आणि कोणाचेही नाही, अशी तीन कारणे असू शकतात. यांतले तिसरे कारण नाव पसरताच आपोआप नाहीसे होते. शेजारच्या दोन घरांत तेच नाव ऐकले की नवे पालक दुसरे शोधू लागतात. म्हणजे नावाची वाढच नावाच्या वाढीला आळा घालते. २०१० मध्ये हे नाव मुलींच्या नावांत २५ व्या क्रमांकापर्यंत चढले आणि पुढे उतरू लागले.

यातली खरी गंमत अशी की, "आमच्या बाळाचे नाव वेगळे हवे" असे हजारो घरांत एकाच वेळी ठरले आणि हजारो घरांनी एकच नाव ठेवले. कोणी कोणाला विचारले नव्हते.

आणखी एक हिशेब करा. २० लाखांत साडेचार हजार, म्हणजे सुमारे ४४० मुलींमागे एक. एवढा गाजावाजा होऊनसुद्धा, मोठ्या शाळेत एखादीच भेटेल!

घाई नको

"गायकाने हे नाव निर्माण केले" असे आता तुम्ही म्हणाल काय? थांबा. १९९९ साली, म्हणजे कार्यक्रमाच्या आधीच, ८ मुलींना ते मिळाले होते. कार्यक्रमाने वेग दिला, उगम नव्हे. कारण नेहमी परिणामाच्या आधी असावे लागते, हा साधा नियम विसरल्याने पुष्कळ चुका होतात.

हाच नियम आपल्या घरच्या उदाहरणाला लावून पाहा. 'सचिन' हे नाव सचिन तेंडुलकरमुळे पसरले असे कोणीही सांगेल. पण त्याचा जन्म १९७३ चा, आणि त्याच्या वडिलांनी त्याचे नाव ठेवले ते संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून. बर्मन यांचे नाव बंगालीत 'शचीन' असे लिहितात. तेंडुलकर पहिला कसोटी सामना खेळला तो नोव्हेंबर १९८९ मध्ये. तेव्हा १९८० साली जन्मलेल्या एखाद्या सचिनचे श्रेय त्याच्या फलंदाजीला कसे देता येईल?

तुम्ही करून पाहा

तुमच्या शाळेत जुने जनरल रजिस्टर असते. शिक्षकांच्या मदतीने, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन हा प्रयोग करा. एक नाव ठरवा. प्रवेशाचे वर्ष न घेता जन्मतारखेचा रकाना पाहा, कारण नाव जन्मानंतर लगेच ठेवतात आणि मूल शाळेत येते पाच-सहा वर्षांनी. दर पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांत ते नाव किती जणांचे आहे ते मोजा. शाळेची पटसंख्या बदलत असते, म्हणून आकडा दर हजारी काढा. मग आलेख कागदावर आलेख काढा. आडनावे टिपू नका, आणि पाचपेक्षा कमी वेळा आलेले नाव फलकावर लावू नका. त्यामागचे कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

आलेख चढताना दिसेल, कोठेतरी वळेल आणि उतरेल. तुमचे स्वतःचे नाव त्या रेषेवर कोठे आहे तेही पाहा. आणि पुढच्या जूनमध्ये वर्गात एखादे न ऐकलेले नाव पुकारले गेले, तर हसू नका. कदाचित ते आलेखावरचा पहिला बिंदू असेल. कदाचित तो एकटाच राहील. यांतले काय होणार, हे त्या दिवशी वर्गातल्या कोणालाच, हजेरी घेणाऱ्या सरांनासुद्धा, माहीत नसते.